आपली चूक आपल्या तोंडानं

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तोवर तो शाळेतला वाक्प्रचार होता. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. आता रोज उपयोग होतो, मनातल्या मनात, अन् कधीकधी तोंडानंही. घरचे म्हणतात, झालं गेलं सोडून दे. कसं सोडू? ज्याला मी काम शिकवलं, ज्यानं माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटानं पुसून खाल्ली, त्यानं माझ्याच हातून माझ्या सहा बायांचा काटा काढला. हे सोडून द्यायचं असेल तर मग धरून काय ठेवायचं असतं?

मी नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये आहे. बावीस वर्षं झाली. कंपनीचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. ज्यांचं त्यांना बराबर कळेल.

आमचं काम बाहेरून बघणाऱ्याला पोरखेळ वाटतो. बियाण्याच्या प्रत्येक लॉटमधून मूठभर बी आमच्याकडं येतं. ते शंभर-शंभर मोजून ओल्या कागदावर मांडायचं, कागदाची गुंडाळी करायची, दमट उबदार खोलीत उभी करून ठेवायची. सोयाबीन असेल तर आठव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि मोजायचं: चांगले उगवले किती, वेडेवाकडे किती, मेलेले किती. शंभरात सत्तर चांगले निघाले तर लॉट पास. नाही निघाले तर त्या बियाण्याची पिशवी भरायची नाही. बस, एवढंच. पण या एवढ्यावर कुणाच्या तरी रानातला आख्खा हंगाम अवलंबून असतो, म्हणून मोजणारा हात आणि डोळा दोन्ही इमानी लागतात.

मोजायला सहा बाया होत्या. सगळ्या हंगामी. उन्हाळा लागला की यायच्या, पेरण्या झाल्या की जायच्या. आमच्याकडं त्यांना गावावरूनच हाक मारायची पद्धत. सगळ्यात थोरली वडीगोद्रीची. हंगामाचे चार महिने जालन्यात दिराकडं राहून कामाला यायची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, पण मला मॅडमच म्हणायची. सगळ्यात वाचाळ बदनापूरची. रोज सकाळच्या गाडीनं यायची आणि गाडीतल्या सगळ्या भानगडी घेऊन यायची. बाकीच्या चौघी या दोघींच्या मागं. थोरली गप्प बसली की त्या गप्प, बदनापूरची हसली की त्या हसायच्या.

त्या वर्षी आमच्या लॅबचे आकडे फुगतात अशी बोंब झाली. तोच लॉट वरच्या ऑफिसनं परत तपासला की शंभरामागं पाच-सात कमी भरायचे. एकदा झालं तर चूक म्हणावं. दर वेळी आमचेच जास्त.

साहेब नवा होता. नवा म्हणजे खुर्चीवर नवा. माणूस माझ्या हाताखाली तयार झालेला. शिकाऊ म्हणून आला तेव्हा त्याला सोयाबीनचं मूळ कुठून फुटतं तेही सांगावं लागलं होतं. मीच सांगितलं. कानामागून आला अन् तिखट झाला, तरी मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. उलट मी पेढे वाटले होते. तो मला ताई म्हणायचा.

"ताई," तो म्हणाला, "या बायांना जल्दी सुधरवा. न्हाईतर वरचे लोक मोजणीचं काम इथून काढून बाहेरच्या लॅबला देऊन राह्यले. मंग या सहा जणी घरी. माझ्या हातात काहीच राह्यचं न्हाई."

म्हणजे त्या सहा जणींचं काम माझ्या शिकवण्यावर आलं. मी म्हटलं, दोन महिने दे.

सुरुवातीला मी तेच केलं जे सगळे करतात. ओरडले. माझी जीभ जरा तिखटच आहे. "दाणे मोजून राह्यल्या का नवस बोलून राह्यल्या?" असं म्हटलं की त्या खाली मान घालायच्या, आणि मी पाठ फिरवली की बदनापूरची माझी नक्कल करायची. आकडे तसेच. आठ दिवस घसा फोडून घेतला अन् मंग लक्षात आलं की मी अजून एकदाही त्यांच्या शेजारी बसून बघितलेलं नाही.

बसले. थोरलीच्या शेजारी. ती गुंडाळी उलगडायची, एकेक रोप दोन बोटांत उचलायची, उजेडाकडं धरायची. हात काय सुंदर चालायचा तिचा! एक रोप उचललं, कोंब होता, पण मुळाचं टोक काळं पडलेलं. तिनं ते अलगद चांगल्यांच्या ढिगात ठेवलं.

"हे चांगलं?" मी विचारलं.

"कोंब हाय की, मॅडम."

"मूळ कुठंय?"

"फुटंल की. जरा मागं पडलंय बिचारं. जगंल."

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. आळस नव्हता, गाफीलपणा नव्हता. सहाच्या सहा जणी शेतकऱ्याच्या घरच्या. जन्मभर रानात एकेक रोप जपलेलं, जिथं उगवलं नाही तिथं वाकून परत बी टोचलेलं, नांग्या भरलेल्या. त्यांचा हात जित्या रोपाला मेल्यात टाकायला धजतच नव्हता. त्यांना मोजता येत होतं. त्यांना दया येत होती. ही चूक शहरातल्या शिकलेल्या पोरींनी कधीच केली नसती.

यावर ओरडून काय उपयोग? मी थोरलीला म्हटलं, "जगंल म्हणतेस ना? लावून बघू. रविवारी गावाकडं जाशील तेव्हा तुमच्या रानातली माती घेऊन ये."

तिनं खताच्या गोणीत काळीभोर माती आणली. दोन घमेली भरली. एकात चांगली वीस रोपं लावली, दुसऱ्यात "जगंल बिचारं"वाली वीस. वरून पाणी शिंपडलं, उन्हात ठेवलं. पाऊस पडून ऊन पडल्यावर काळ्या रानावर जसा पापुद्रा धरतो तसा घमेल्यात धरला. सहाही जणी येता-जाता वाकून बघायच्या. बदनापूरची तर दुसऱ्या घमेल्याशी बोलायची, "ऊठ गं माय, इज्जतीचा सवाल हाय!"

आठवड्यानं पहिल्या घमेल्यात पानं उघडली. दुसऱ्यात दोन आली, तीही पिवळी. बाकीची उकरून बघितली तर सडलेली. थोरलीनं एक सडकं रोप बोटावर घेतलं, मातीत पुसलं, आणि म्हणाली, "म्हंजी आजवर मी मेलेल्याला जितं म्हनत व्हते. अन् कुनीतरी ते पैसे देऊन रानात टाकत व्हतं."

त्या दिवसापासून थोरलीचा डोळा बदलला. बाकीच्यांचा बदलायला वेळ लागला, कारण सवय लवकर जात नाही आणि चूक झाली तर ती लपवायची हे तर आपल्याला शाळेपासून शिकवलेलं. मग मी शनिवारचं सुरू केलं.

शनिवारी चौघींचा उपास असायचा. कुणाची भगर, कुणाची साबुदाण्याची खिचडी, कुणाचे नुसते भाजलेले शेंगदाणे. सगळं मधोमध ठेवून गोल बसायचं. मी नियम काढला: आठवड्यात आपल्या हातून झालेली एक चूक आपल्याच तोंडानं सांगायची. दुसरीची नाही, आपली. सांगितल्याशिवाय घास नाही. सांगितल्यावर कुणी रागवायचं नाही, मीसुद्धा नाही.

पहिल्या शनिवारी सगळ्या माझ्याकडं टकामका बघत होत्या. खिचडी गार होत चालली. मग मीच सांगितलं. "बुधवारी मी दोन लॉटच्या चिठ्ठ्या उलट-सुलट लावल्या. संध्याकाळी ध्यानात आलं. कुणाला न सांगता बदलल्या." बदनापूरचीनं तोंडावर हात ठेवला. "अगं बया! मॅडमबी चुकतेत व्हय?" आणि ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. ठसका गेल्यावर तिनं आपली सांगितली: अठ्ठ्याण्णव मोजल्यावर गाडीतली भानगड आठवली आणि ती परत नव्वदपासून सुरू झाली. एकीनं सांगितलं, भाचीच्या लग्नाच्या विचारात तीन जिवंत रोपं मेल्यात गेली. "लगीन तिचं अन् वाटोळं सोयाबीनचं," मी म्हटलं. सगळ्या खदखदून हसल्या. थोरली शेवटी बोलली. "आजबी एक मूळ नसलेलं चांगल्यात टाकलं. कळत व्हतं. तरी टाकलं."

हे सगळं मी एका वहीत उतरवायला लावलं. जिची चूक तिनं लिहायची, म्हणजे पुढच्या शनिवारी बघता येईल की तीच चूक परत होते का. थोरलीला लिहिता येत नव्हतं. बचत गटात सही तेवढी शिकली होती. तिची चूक मी लिहायची आणि खाली ती सही करायची, जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरून.

वही सुरू करतानाच बदनापूरचीनं विचारलं होतं, "मॅडम, हे साहेबाला दिसलं तर?"

"ही वही या खोलीच्या बाहेर जाणार न्हाई," मी म्हटलं. "माझा शब्द."

माझा शब्द!

दोन महिन्यांत आमचे आणि वरचे आकडे जुळायला लागले. एखाद-दुसऱ्याचा फरक, तोही कधी इकडं, कधी तिकडं. थोरली आता इतकी पक्की झाली होती, की तिचं मोजून झाल्यावर मी परत मोजायचं सोडून दिलं होतं. बाया ताठ मानेनं यायच्या. एकमेकींचं तपासायच्या, अडलं तर विचारायच्या. खरं सांगते, बावीस वर्षांत मला कामाचा एवढा आनंद कधी झाला नव्हता. घरी जाऊन मी नवऱ्याला त्यांच्या चुका नावानिशी सांगायची... म्हणजे बघा, शब्द तर तिथंच अर्धा मोडला होता.

एका गुरुवारी साहेब लॅबमध्ये आला. दार लोटून घेतलं.

"ताई, तुम्ही तर कमाल केली. वरच्या मीटिंगमध्ये जालन्याचं नाव निघून राह्यलं. मला तिथं सांगायचं हाय की हे कसं झालं. ती शनिवारची वही दोन दिवस द्या."

वहीबद्दल मीच त्याला कौतुकानं सांगितलेलं. दुसरं कोण सांगणार?

"वही न्हाई देता येत," मी म्हटलं. "बायांना शब्द दिलाय."

"मी काय बाहेरचा हाय का, ताई?" त्याचा चेहरा एवढासा झाला. "तुमच्याच हाताखाली शिकलो. बाकीच्या लॅबला बी हीच पद्धत लावायचं म्हणतेत. तुमचं नाव घेऊन सांगणार हाय मी तिथं. बावीस वर्षांत कुणी घेतलं का तुमचं नाव?"

नव्हतं घेतलं. तेच तर त्याला ठाऊक होतं. त्यानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मी गपगुमान चढले. कपाट उघडलं, वही काढली, कापडी पिशवीत घालून दिली. वर म्हणाले, जपून हं.

शनिवारी गोल बसल्यावर थोरलीनं विचारलं, "वही?"

"घरी राह्यली," मी म्हटलं. "आज कागदावर लिहू."

सगळ्यांनी कागदावर लिहिलं. कुणाला काही वाटलं नाही. मी भगरीला हात लावला नाही. नंतर दोन शनिवार गेले, वही परत आली नाही. विचारलं की तो म्हणायचा, वरून यायची हाय, येईल.

मे संपत आला. रस्त्यावर बियाण्यांच्या गाड्या, दुकानदारांचे फोनवर फोन. त्यात सोयाबीनचा एक भला मोठा लॉट आमच्याकडं आला. आठव्या दिवशी थोरलीनं गुंडाळ्या उलगडल्या. बासष्ट. सत्तरच्या खाली. साहेब म्हणाला, परत लावा. परत लावलं. एकसष्ट. मी स्वतः चष्मा पुसून, खुर्ची खिडकीशी ओढून मोजलं. बासष्टच. जिकडंतिकडं काळ्या टोकाची मुळं, चिरलेल्या डाळिंब्या. मळणीत मार बसलेलं बी होतं ते. कुणीही सांगितलं असतं. मी नापासच्या कागदावर सही केली.

"ठीक हाय, ताई," साहेब म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही. मला वाटलं, पोरगं शहाणं झालं.

सोमवारी त्यानं आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. वरच्या ऑफिसचे दोघं आलेले. बायांना वाटलं, शाबासकी द्यायला आलेत. बदनापूरची तर नवी साडी नेसून आली होती, कारण शुक्रवारीच कुणीतरी उठवलं होतं की फोटो काढणार आहेत. सहाही जणी भिंतीशी ओळीनं उभ्या राहिल्या. मला खुर्ची दिली. "बसा मॅडम," तो म्हणाला. ताई नाही. मॅडम.

त्यानं टेबलावर वही ठेवली.

मग तो वाचायला लागला. शांतपणे, एकेक पान. "अठ्ठ्याण्णव मोजल्यावर नव्वदपासून परत सुरू केले." वरच्या ऑफिसमधला एक जण हसला. "भाचीच्या लग्नाच्या विचारात तीन जिवंत रोपे मेल्यात टाकली." आता दोघंही हसले. "मूळ नसलेले रोप चांगल्यात टाकले. कळत होते तरी टाकले." या वेळी तो थांबला, वही फिरवून थोरलीपुढं धरली.

"ही सही तुमचीच ना?"

थोरलीनं बघितलं. "हो. माझीच हाय."

"म्हणजे कळत असून चुकीचं मोजता."

"ते पहिल्या टायमाला, साहेब. आता..."

"तेवढंच विचारलं मी." तो त्या दोघांकडं वळला. "सर, ज्यांना शंभरापर्यंत धड मोजता येत नाही, ज्या स्वतः लिहून देतात की आम्ही चुकतो, त्यांच्या आकड्यावर आपण एवढा मोठा लॉट फेकायचा?"

बघा त्याची अक्कल! ज्या वहीनं त्या बाया खऱ्या झाल्या, तीच वही त्यांना खोटं ठरवायला. त्यांनी आपल्या तोंडानं कबूल केलेलं सगळं त्यानं जपून ठेवलं आणि वेळ येताच त्यांच्याच अंगावर उलटवलं. त्याला माहीत होतं बासष्ट खरे आहेत. माझ्याइतकंच माहीत होतं. मीच शिकवलेला ना तो.

सहाजणी माझ्याकडं बघत होत्या. मला न बघताही ते कळत होतं. मी फरशीकडं बघत होते. फरशीला एक तडा होता, दरवाजापर्यंत गेलेला. तो मी आजही काढून दाखवीन.

का नाही बोलले? नोकरीची भीती होती, हो होती. पण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. मी तोंड उघडलं असतं तर पहिलाच प्रश्न आला असता: मॅडम, वही तुम्हीच दिली ना? आणि मग सहाजणींना कळलं असतं की वही घरी राहिली नव्हती. तेवढं एक खोटं झाकायला मी मूग गिळून बसले. तिकडं त्यांचं काम जात होतं आणि इकडं मला माझं तोंड कसं दिसेल याची पडली होती.

दुपारी त्यांना सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका, मोजणी बाहेर गेली. लॉटचा दुसरा नमुना बाहेरच्या लॅबला गेला आणि पास होऊन आला. तो कुठल्या पोत्यातून काढला होता ते मी विचारलं नाही. पिशव्या भरल्या, गाड्या गेल्या. कुणाच्या रानात किती उगवलं तेही मी विचारलं नाही.

संध्याकाळी मात्र मी त्याच्या केबिनमध्ये गेले. "बेइमान आहेस तू," मी म्हटलं. "माझ्या ताटातलं खाल्लंस ना? तेच तुझ्या पोटात कुजो."

त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला. "ताई, तुम्ही लई मनाला लावून घेता. तुमचं नाव कुठंच येऊ दिलं न्हाई मी. वही कुणी दिली ते सांगितलं का? तुमच्या नोकरीला बिलकुल धक्का न्हाई."

म्हणजे उपकार! त्यानं मला वाचवलं होतं, आणि ते त्याला माहीत होतं, आणि आता मी त्याची मिंधी होते. मी पाणी प्यायले नाही. पण दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

पुढं महिनाभर मी सगळ्यांना त्याचीच कथा सांगत फिरले. नणंदेला, शेजारणीला, गाडीत भेटेल तिला. कसं फसवलं, कसं वापरलं, कसा उलटला. लोक चक् चक् करायचे. "तुम्ही एवढं केलं त्याच्यासाठी!" म्हणायचे. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. सांगताना मी हॉलमधला भाग भराभर उरकायची.

दिवाळीनंतर एका रविवारी मी वडीगोद्रीला गेले. अंबडला बस बदलली. हायवेच्या कडेला एका ढाब्यावर थोरली भाकरी थापते असं कळलं होतं. होती तिथं. चुलीपुढं, घामाघूम. मला बघून उठली, पदराला हात पुसले, बाकडं झटकून दिलं.

"मॅडम! इकडं कशा काय आल्त्या? बसा बसा. चहा ठिवते."

ती रागात नव्हती. तेच मला सोसेना. मी वाटेत दहा वेळा घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. वही मी दिली. स्वतः कपाटातून काढून दिली. माझं नाव घेतील म्हणून दिली. घरी राहिली म्हणाले ते खोटं होतं. त्यानं मला फसवलं, पण तुम्हाला मी फसवलं.

तिनं चहात साखर टाकली, ढवळली.

"ठावं हाय," ती म्हणाली. "त्या शनवारीच कळालं व्हतं. तुमी भगर खाल्ली न्हाई."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? आमाला वाटलं, तुमची चूक झाली, तर तुमीच सांगसाल. तुमचाच नियम व्हता. आपली आपुन सांगायची. दुसरीनं सांगायची न्हाई."

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. रस्त्यानं ट्रक जात होते, जरा वेळ बोलणंच ऐकू येईना.

"वहीचं येवढं मनावर घेऊ नका," ट्रक गेल्यावर ती म्हणाली. "त्यातल्या चुका आमच्याच व्हत्या. खऱ्या व्हत्या. त्यो वाचीत व्हता तवा लाज वाटली, पर खोटं काय वाचलं न्हाई त्यानं. काम गेलं तर गेलं. हंगाम संपतच आल्ता."

"मग?"

"मंग काय." तिनं कप माझ्यापुढं ठेवला. "बासष्ट बराबर व्हते, मॅडम. तुमी सोता मोजले व्हते, खिडकीपाशी बसून. आमी सहाजणी उभ्या व्हतो की आता मॅडम म्हनतेल. कामावर ठेवा म्हनायचं नव्हतं. माझ्या बाया चांगल्या हायेत असंबी न्हाई. नुसतं बासष्ट म्हनायचं व्हतं."

मी काही म्हणते का, ती बघत होती. मग आतून कुणीतरी भाकरीसाठी हाक मारली आणि ती चुलीकडं गेली.